कर्ज हेमांगीच्या नावावर

ठाणे, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय हेमांगी,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू दोन शब्दांच्या वर उत्तर देत नाहीस, म्हणून मेल करतेय. मेलवर नुसतं 'ओके' लिहायला तरी तुला लाज वाटेल. (गंमत करतेय. केदार म्हणाला, तुझ्याशी गंमत सांगून करावी लागते.)

काल पहिल्यांदाच तुमच्याकडे कल्याणला आले. मे महिन्यात लग्न झालं की मी तुमच्याच घरातली होणार, तेव्हा मनात काही ठेवून यायला नको म्हणून विचारते. माझं काही चुकलं का गं? मी सुक्या मेव्याचा डबा आणला, तर तू आईंसमोरच म्हणालीस, "पुढच्या वेळी काही आणू नका." आणि निघताना मी एक चप्पल पायात घालते न घालते, तोच तू पंखा बंद केलास. जिन्यात मी केदारला म्हटलं, "तुझ्या बहिणीला मी आवडले नाही वाटतं." तो हसला. म्हणाला, "तिला पंखे आवडत नाहीत."

खरं सांगू, मला तुमचं घर फार आवडलं. डोंबिवलीला दोन बेडरूमचं स्वतःचं घर असताना ते भाड्याने देऊन तुम्ही कोळसेवाडीत एक खोली-स्वयंपाकघरात राहता. केदार म्हणतो, बाबांना रिकाम्या खोल्या आवडत नाहीत! टीव्ही नाही. पेपर वरच्या काकूंचा, तोही दुपारनंतर. बिनसाखरेचा चहा. माझ्या हॉस्पिटलातले डॉक्टर लोक हजारो रुपये भरून शिबिरांना जातात असं जगायला शिकायला. आमच्याकडे एसटीच्या संपात भाऊंचा पगार थांबला होता तेव्हा आम्हीही असंच राहिलो. भाऊ म्हणजे माझे वडील, खोपट डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. पण ती काटकसर नाइलाजाची होती, रोज त्यावरून भांडणं व्हायची. तुमची मनापासूनची आहे. केदार म्हणाला, "आमच्याकडे दिखावा चालत नाही." मला त्याचं तेच आवडतं.

ओटीतली साडी सुंदर आहे. आईंना सांग.

तर, रागावली आहेस का? खरं सांग.

तुझी,
मैथिली

*

कल्याण, २१ नोव्हेंबर २०२५

मैथिली,

तुमचा मेल मिळाला. डोंबिवली एमआयडीसीत एका कारखान्याचं वार्षिक काम सुरू होतं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. कारखान्यांतले प्रेशर गेज आणि तापमापक बरोबर दाखवतात का, हे तपासायचं माझं काम.

मी रागावलेले नाही. डब्याबद्दल बोलले, कारण कोणी काही आणलं की आईला त्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवता येत नाही. तिची धावपळ होते. पंखा मी सवयीने बंद केला. तुम्ही दाराबाहेर पडेपर्यंत थांबायला हवं होतं.

आमच्या राहणीबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर मला काही म्हणायचं नाही. फक्त एवढंच, की कोणाची राहणी कशामुळे तशी आहे हे एका भेटीत कळत नाही.

एक सुचवते. लग्न ठरलेल्या दोघांनी लग्नाआधी एकमेकांचा पगार, देणी आणि क्रेडिट रिपोर्ट बघावा असं माझं मत आहे. तो रिपोर्ट मोबाइलवर फुकट मिळतो. हे मी ऑफिसातही सगळ्यांना सांगते. तुम्ही केदारला विचारा. सविस्तर विचारा.

ऑफिसच्या वेळात मला फोन घेता येत नाही, आणि घरी एकच खोली असल्यामुळे बोलता येत नाही. मेल बरा.

हेमांगी

*

ठाणे, ७ डिसेंबर २०२५

प्रिय हेमांगी,

तुझा मेल वाचून आधी मला वाईट वाटलं. म्हटलं, सख्खी बहीण, आणि भावाबद्दल असं बोलते? पण तू म्हणालीस म्हणून मी विचारलं. बरं झालं विचारलं.

काल आम्ही तलावपाळीवर बसलो होतो. मी म्हटलं, "केदार, तुझ्यावर काही देणं आहे का?" त्याने हातातली भेळ खाली ठेवली. मग रडायला लागला गं. एवढा मोठा माणूस, भेळवाल्यासमोर. मला त्याने सगळं सांगितलं.

तुझं जर्मनीचं स्वप्न. एजंटने पैसे घेऊन बुडवलं ते. त्यात बाबांचे निवृत्तीचे पैसे गेले आणि वर तुझ्या नावावर बारा लाखांचं कर्ज झालं. बँकेचा मेसेजही दाखवला त्याने, तुझं नाव होतं त्यावर. गेली दीड वर्षं तो ते निमूटपणे फेडतोय आणि तुला एका शब्दाने बोलत नाही. मला म्हणाला, "हेमाला यातलं काही बोलू नकोस, ती खचेल." पण हेमांगी, मला नाही राहवलं. आता कळलं तू पंखा का बंद करतेस, आणि माझ्याशी इतकी तुटक का वागतेस. स्वतःच्या चुकीपायी घरच्यांना असं राहावं लागतंय, हे उरावर घेऊन जगणं सोपं नसणार.

मी रागावलेले नाही. तुला कमी लेखणारही नाही. स्वप्नं सगळेच बघतात. फक्त घर पणाला लावून बघू नयेत, एवढंच मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते. तुझ्याहून एक वर्षाने मोठी आहे मी!

आता ऐक. लग्नानंतर माझा निम्मा पगार तुझ्या हप्त्यासाठी. मी आज सकाळी बाबांना फोन करून तसं सांगितलं. मला वाटलं ते नको म्हणतील. पण ते लगेच म्हणाले, "मेपासून तुझा पगार धरलाच आहे गं आम्ही." किती मोकळेपणा! आणि मेपर्यंत तरी कशाला थांबायचं? माझी छोटी एफडी मोडून पंचवीस हजार मी केदारला आजच पाठवले, डिसेंबरच्या हप्त्याला हातभार म्हणून. तुला कळू नये असं ठरलं होतं. पण लपवालपवी मला जमत नाही.

आता तरी मला 'अहो मैथिली' म्हणू नकोस.

तुझी होणारी वहिनी,
मैथिली

*

कल्याण, ८ डिसेंबर २०२५

मैथिली,

माझ्याकडे पासपोर्ट नाही. कधीच नव्हता. मी पासपोर्टसाठी अर्जही केलेला नाही. जर्मनी हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आज सकाळी उच्चारला गेला, आणि तो मी उच्चारला.

घडलं ते असं. केदार दोन वर्षं मोबाइलवरून शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करत होता. बाबा निवृत्त झाले तेव्हा आलेले अकरा लाख त्याने 'दुप्पट करून देतो' म्हणून घेतले. ते आठ महिन्यांत गेले. ते भरून काढायला त्याने तीन अ‍ॅपवरून कर्ज उचललं. अ‍ॅपवाल्यांची माणसं आधी त्याला फोन करत होती, मग बाबांना, मग माझ्या ऑफिसात. माझ्या साहेबांना एका माणसाने फोन करून सांगितलं, की तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलीचं खानदान चोर आहे. केदारला कोणतीही बँक दारात उभी करत नव्हती. म्हणून जून २०२४ मध्ये मी माझ्या नावावर बारा लाख काढले आणि त्याच दिवशी तिन्ही अ‍ॅपची खाती बंद केली. हप्ता अठ्ठावीस हजार दोनशे चौतीस. दर पाच तारखेला तो माझ्या पगारातून जातो. केदारने आजवर त्यात एक रुपया घातलेला नाही. घरखर्चाला तो सहा हजार देतो, आठवण केली तर.

या महिन्याचा हप्ताही पाच तारखेला गेला. तू पैसे पाठवलेस सात तारखेला. कोणत्या हप्त्याला हातभार लावलास?

ओटीतली साडीही माझी होती. पहिल्या दिवाळी बोनसची, घडीही न मोडलेली. तुझ्या डब्याच्या बदल्यात द्यायला घरात दुसरं काही नव्हतं.

आज सकाळी डबा भरताना मी बाबांना विचारलं, "बाबा, मी जर्मनीला कधी जाणार होते?"

बाबांनी चहा ढवळला. आम्ही साखर बंद केली आहे, तरी ते ढवळतात. म्हणाले, "कर्ज तुझ्या नावावर आहे की नाही?"

"आहे."

"मग केदार खोटं काय बोलला?"

"बाबा!"

"ओरडू नकोस. भिंती पातळ आहेत."

आई पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, मुलाच्या डोक्यावर कर्ज आहे म्हटल्यावर मुलगी कोण देईल? तुझं काय, तुझं अजून ठरायचंय."

"आणि ठरेल तेव्हा? तेव्हा काय सांगणार?"

"तोवर फिटेल की. मैथिलीचा पगार येईल ना."

"तिला माहीत आहे का तो कशाला येणार आहे?"

"तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय," बाबा म्हणाले. "आम्ही मागितला नाही. उगाच चांगल्या मुलीचं मन कलुषित करू नकोस."

मी डबा न घेता निघाले.

डोंबिवलीचं घर विकलं तर हे कर्ज एका दिवसात फिटेल आणि वर पैसे उरतील. मी दोनदा सांगितलं. बाबांचं उत्तर ठरलेलं आहे, "ते केदारचं घर आहे. लग्नानंतर तो राहील कुठे?" म्हणजे घर केदारचं आणि कर्ज माझं. हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्यासाठी मी दीड वर्षं एका पंख्यावर दिवस काढते आहे. त्याबद्दल तू मला शाबासकी दिलीस, आणि मग उपदेश केलास.

तुझाही राग आला आहे. माझं नाव असलेल्या कर्जाबद्दल तू तलावपाळीवर ऐकलंस, बाबांशी बोललीस, पैसे दिलेस. फक्त मला विचारलं नाहीस.

कर्ज खात्याचा आणि माझ्या बचत खात्याचा उतारा सोबत जोडला आहे. पैसे कधी आले आणि कोणाच्या नावाच्या खात्यांत गेले, ते पाहा.

हेमांगी

*

ठाणे, १२ डिसेंबर २०२५

हेमांगी,

तुझा मेल मी केदारला दाखवला. कोणालाही आपली बाजू मांडायची संधी मिळायला हवी.

तो म्हणाला, अ‍ॅपचं कर्ज त्याच्या नावावर होतं हे खरं, पण ते त्याने तुझ्या एजंटला द्यायलाच काढलं होतं. तू जोडलेल्या कागदांवर पैसे अ‍ॅपला गेलेले दिसतात. अ‍ॅपमधून आधी कुठे गेले ते दिसत नाही. पासपोर्ट तू रागात फाडून टाकलास म्हणाला. आणि म्हणाला, "हेमा पहिल्यापासून अशीच. माझं काही चांगलं होतंय म्हटलं की तिचं डोकं फिरतं."

मी कोणावर विश्वास ठेवू? एकीकडे तो, बाबा, आई, तिघं. दुसरीकडे तू एकटी. आणि तुझा आधीचा मेल वाच. त्यात तू यातलं काहीही सांगितलं नव्हतंस. क्रेडिट रिपोर्ट बघा म्हणे. माणूस असं बोलतो?

भाऊंना मी थोडंसंच सांगितलं. ते म्हणाले, "नणंद लग्नाआधीच अशी, तर लग्नानंतर काय दिवे लावेल?"

साडी तुझी होती हे मला खरंच माहीत नव्हतं. ती कुरिअरने परत पाठवते.

मैथिली

*

कल्याण, १३ डिसेंबर २०२५

मैथिली,

साडी पाठवू नका. ओटीत दिलेलं परत घेत नाहीत. आई ती आणखी कोणाच्या तरी ओटीत घालेल.

फाडलेल्या पासपोर्टचीही नोंद राहते. पण ती मागवायला तुम्हाला वेळ लागेल आणि त्यावरही केदारकडे उत्तर असेल.

माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्या कामात एखादं गेज बरोबर दाखवतंय का, हे त्याच गेजकडे बघून ठरवत नाहीत. शेजारी दुसरं, तपासून आणलेलं गेज लावतात. तुमच्याकडे तसं दुसरं गेज आहे. केदारला त्याचं शेअरचं अ‍ॅप तुमच्यासमोर उघडायला सांगा. दरवर्षीचा नफा-तोटा आणि खात्यात कधी किती पैसे भरले, हे त्यात दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. माझा एजंट जर्मनीचा असेल, तर त्या अ‍ॅपमध्ये काहीच सापडणार नाही. तो एकटा असताना विचारू नका. एकटा असला की तो रडतो.

परवा केदार घरी आल्या आल्या माझ्यावर ओरडला. "तुला काय मिळालं? सांग ना, काय मिळालं?" आईने दोन दिवस माझा डबा भरलेला नाही. बाबांनी सांगितलंय की २८ तारखेला लग्नाच्या बैठकीला मी यायचं नाही. तुम्हाला सांगतील, हेमांगीची शिफ्ट आहे. माझी शिफ्ट नाही. रविवारी आमचं ऑफिस बंद असतं.

पहिल्या मेलमध्ये मी स्पष्ट लिहायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. घरातलं बाहेर सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि तेव्हा मी ठरलेलं पाळत होते.

हेमांगी

*

ठाणे, ४ जानेवारी २०२६

हेमांगी,

लग्न मोडलं. तुला घरून कळलंच असेल, पण तुमच्या घरात काय कुठल्या रंगाचं करून सांगतात ते आता मला माहीत आहे, म्हणून मी सांगते.

२८ तारखेला सगळे आमच्याकडे आले. तुझे आई-बाबा, केदार, तुमच्या नीला आत्या. तुझी शिफ्ट होती, अर्थातच. हॉल कोणी घ्यायचा, जेवणाचा खर्च निम्मा-निम्मा, मानपान किती, सगळं छान चाललं होतं. मग आत्या म्हणाल्या, "आता मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या, आजकाल पद्धत आहे." त्या हसत होत्या. मी म्हटलं, "केदार, तुझं शेअरचं अ‍ॅप उघडून दाखव."

आत्या म्हणाल्या, "हे काय भलतंच? बैठकीत मुलीने असं बोलतात का?"

केदार म्हणाला, "अगं, ते मी कधीच बंद केलं. पासवर्डही विसरलो."

तेवढ्यात भाऊंनी चष्मा लावला. भाऊ, ज्यांनी तुझ्याबद्दल ते दिवे लावण्याचं म्हटलं होतं. पस्तीस वर्षं डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांची कारणं ऐकली आहेत त्यांनी. म्हणाले, "विसरलात? हरकत नाही. खाली 'पासवर्ड विसरलात' म्हणून बटण असतं. मी पेन्शनच्या साइटवर दर महिन्याला दाबतो. दाबा."

"काका, नंतर—"

"नंतर कशाला? चहा यायचाय अजून. दाबा, जावईबापू."

ओटीपी आला. त्याच्याच हातातल्या फोनवर आला, सगळ्यांनी टिंग ऐकलं. तुझे बाबा म्हणाले, "राहू द्या हो, पोरांचं ते." भाऊ म्हणाले, "पोरांचंच तर चाललंय."

हेमांगी, बंद केलेलं खातं नव्हतं ते. तीन वर्षांचा तोटा होता. तू लिहिलं होतंस तेवढाच, उलट थोडा जास्तच. आणि पैसे भरल्याची शेवटची नोंद ८ डिसेंबरची. पंचवीस हजार. मी ७ तारखेला दिलेले. १९ तारखेपर्यंत त्यातले तीनशे बारा रुपये उरले होते.

तो रडायला लागला. म्हणाला, "मला ते वाढवून तुझ्या हातात ठेवायचे होते." या वेळी मला काहीच वाटलं नाही. मी उठून आत गेले. बाहेरून आत्यांचा आवाज येत होता, "पुरुषाच्या हातून होतात चुका, एवढं ताणायचं नसतं." भाऊ म्हणाले, "चहा घेऊन निघा. पुढची गाडी सुटलीय." तुझी आई माझ्याकडे बघतही नव्हती. मला वाटलं होतं, निदान त्या मला सांगतील की आमचं चुकलं.

मेलवर माफी मागून काही होत नाही. पण मी तुला जे लिहिलं, घर पणाला लावण्याबद्दल वगैरे, ते परत वाचलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तरी रागही आहे तुझ्यावर, तो लपवत नाही. माझे पैसे गेले त्याच्या दोन आठवडे आधी तुला सगळं माहीत होतं.

आता एक व्यवहाराचं. दारातून निघताना तुझ्या बाबांनी भाऊंपुढे हात जोडले. म्हणाले, "तुमचे पंचवीस हजार बुडणार नाहीत. हेमांगी परत करेल, ती शब्दाची पक्की आहे." मला ते पैसे हवे आहेत. एफडी माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेली होती. माझा अकाउंट नंबर खाली दिला आहे.

मैथिली

*

डोंबिवली, ६ जानेवारी २०२६

मैथिली,

नाही.

मी ते पंचवीस हजार देणार नाही. बाबांनी माझ्या वतीने दिलेला शब्द मला तुझ्या मेलमधून कळला. तेही त्यांच्या पद्धतीला धरूनच आहे. माझं नाव वापरताना आमच्या घरात मला विचारायची चाल नाही.

काल मी ते बाबांसमोर बोलले. ते म्हणाले, "आपल्या अब्रूचा प्रश्न आहे. लोकांचे पैसे बुडवायचे?"

"बुडवले केदारने."

"त्याच्याकडे आहेत कुठे?"

"माझ्याकडे आहेत कुठे?"

"तुझं जमतं गं," आई म्हणाली. "तुझं सगळं बरोबर जमतं. त्याचं जमत नाही. लग्न मोडून पोर कोपऱ्यात बसलंय. तुझ्यामुळे."

मैथिली, मी कधी ओरडत नाही. काल ओरडले. वरच्या काकू जिना उतरून खाली आल्या इतकी ओरडले. म्हटलं, साखर मी सोडली, गाडीचे पैसे वाचवायला दीड वर्षं स्टेशनपासून चालत आले, साडी गेली, माझ्या नावावर जर्मनी लागली, आणि आता त्याची मोडलेली सोयरीकही माझ्या खात्यात? बाबा म्हणाले, "शेजारी ऐकतायत." मी म्हटलं, ऐकू देत. काकू, आत या, बसा. त्या बसल्या.

काकूंसमोरच मी सांगितलं. डोंबिवलीच्या घराचं भाडं फेब्रुवारीपासून थेट माझ्या कर्ज खात्यात जमा होईल, आणि मार्चअखेर ते घर विकायला काढायचं. हे झालं नाही, तर एप्रिलचा हप्ता मी भरणार नाही. माझं क्रेडिट खराब होईल, होऊ दे. वसुलीची माणसं कोळसेवाडीच्या पत्त्यावर येतील, कारण बँकेत पत्ता तोच आहे. त्यांना काय सांगायचं ते बाबांनी ठरवावं. आई म्हणाली, "आई-बापाला धमकी देतेस?" मी हो म्हटलं. एकेचाळीस हप्ते उरले आहेत. तेवढे महिने मी धमकी देऊ शकते.

कालच मी घरातून निघाले. आता डोंबिवलीत, ऑफिसजवळ, कामावरच्या दोघींबरोबर राहते. माझा वाटा चार हजार. काल पहिल्याच रात्री मी चहात दोन चमचे साखर घातली. गोड लागला नाही, जास्त झाली होती.

आता तुझे पैसे. मी ते दिले तर केदारचं आणखी एक देणं मी फेडलं असं होईल, आणि तो पुढच्या मुलीला सांगेल की त्याच्या बहिणीने तुझे पैसे खाल्ले होते. तेव्हा पैसे केदारकडेच माग. लेखी माग, मेलवर, आठ दिवसांची मुदत देऊन. त्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला होतो. तो उत्तर देणार नाही किंवा फोन करून रडेल. फोन घेऊ नकोस. मुदत संपली की तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार दे. तू पैसे पाठवलेस त्याचा पुरावा, त्याने ते कशासाठी घेतले ते मेसेज, आणि बैठकीत भाऊंनी पाहिलेली ती नोंद, एवढं पुरेसं आहे. त्याने तुला जे कर्ज दाखवलं ते कोणाचं होतं आणि कोण फेडत होतं, हे सांगायला साक्षीदार लागेल. तो माझा सख्खा भाऊ आहे. मी येईन.

आमच्याकडे रजेचा अर्ज तीन दिवस आधी द्यावा लागतो. तारीख ठरली की कळव.

हेमांगी